परळचे डॉक्टर हाफकिन

मुंबईस राणीच्या बागेंत जाऊन वाघ-सिंह पाहून आलेले विद्यार्थी आमच्या मालेगांवांत पुष्कळ सांपडतील. परंतु तेथून फारशा दूर नसलेल्या परळ भागांतील एका जुन्या वास्तूकडे मुद्दाम वळलेला विद्यार्थी क्वचितच आढळेल. या वास्तूंत एके काळीं मुंबईचे गव्हर्नर राहत असत. पुढें तेथें प्लेगाची लस तयार होऊं लागली, आणि सन १९२५ पासून तेथील संस्था हाफकिन इन्स्टिट्यूट या नांवानें ओळखली जाते. हें नांव मराठी नाहीं, गुजराथी नाहीं, आणि इंग्रजीहि नाहीं. तें रशियांतून आलेल्या एका यहुदी गृहस्थांचें आहे. ज्या रोगानें आमच्या पणजोबा-पणजींस घरदार सोडून रानांत झोपड्या बांधावयास लाविलें, त्या गांठीच्या तापावरील लस या गृहस्थांनीं मुंबईंत बसून तयार केली. आणि ज्या देशाच्या रहिवाशांसाठीं त्यांनीं हें केलें, त्या देशाच्या तत्कालीन सरकारनें पुढें त्यांच्यावर एकोणीस माणसांच्या मृत्यूचा ठपका ठेविला. हें प्रकरण काय होतें, आणि एका बाटलींत जंतु होते कीं नव्हते या एका प्रश्नावर एका मनुष्याचें सबंध आयुष्य कसें अडून राहिलें, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म ता. १५ मार्च १८६० रोजीं काळ्या समुद्राच्या कांठच्या ओडेसा या बंदरांत झाला. तें शहर तेव्हां रशियाच्या बादशहाच्या राज्यांत होतें; आज तें युक्रेन देशांत मोडतें. ओडेसाच्या विद्यापीठांत शिकत असतां त्यांस इल्या मेच्निकॉफ हे गुरु लाभले. रक्तांतील पांढऱ्या पेशी शरीरांत शिरलेल्या जंतूंस गिळून टाकितात, हें दाखवून ज्यांनीं १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें, तेच हे मेच्निकॉफ. सन १८८१ मध्यें रशियांत यहुदी वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. आपल्या वस्तीच्या रक्षणासाठीं जे तरुण पुढें आले त्यांत हाफकिन होते. ते जखमी झाले, पकडले गेले, आणि गुरूंनीं खटपट केली म्हणून सुटले. परीक्षा उत्तम रीतीनें उतरूनहि विद्यापीठांत वरची जागा त्यांस मिळाली नाहीं. कारण त्यासाठीं स्वतःचा धर्म सोडून राजमान्य पंथ स्वीकारावा लागला असता, आणि तें त्यांनीं साफ नाकारिलें. कांहीं वर्षें त्यांनीं तेथील प्राणिसंग्रहालयाच्या वस्तुभांडारांत काम केलें. मग १८८८ सालीं देश सोडून ते स्वित्झर्लंडांत जिनीव्हा येथें गेले, व दुसऱ्याच वर्षीं पॅरिस येथें आले.

पॅरिसला जाण्याचें कारण उघड होतें. पाश्चर यांची संस्था तेथें नुकतीच उभी राहिली होती आणि गुरु मेच्निकॉफहि तेथेंच येऊन राहिले होते. परंतु जागा शिल्लक होती ती ग्रंथालयांतील मदतनीसाची. हाफकिन यांनीं ती घेतली. पुस्तकें लावावयाचीं, आणि त्यांतून उरलेल्या वेळांत प्रयोगशाळेंत बसावयाचें, असा त्यांचा क्रम होता. फुरसत मिळाली तर ते सारंगीसारखें विलायती वाद्य व्हायोलिन वाजवीत. पदवी हातीं असून हलकें काम पत्करावें लागलें म्हणून ते खंतावले असतील. पण काम थांबलें नाहीं.

त्या वेळीं युरोपास व हिंदुस्थानास सारखाच धाक होता तो पटकीचा. आमच्याकडे जिला जरीमरी किंवा महामारी म्हणत ती हीच. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञांनीं तिचा स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतु १८८३-८४ सालीं इजिप्त व कलकत्ता येथें शोधून काढिला होता. हाफकिन यांनीं हा जंतु एका गिनीपिगांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत असा नेत नेत त्याची मारकशक्ति वाढविली, व दुसरीकडे उष्णतेनें त्याला दुबळाहि केला. आधीं दुबळा जंतु टोचावयाचा, मग कांहीं दिवसांनीं प्रखर. म्हणजे शरीर पायरीपायरीनें सज्ज होतें. प्राण्यांवर हें साधलें. माणसावर कोण करून पाहणार? ता. १८ जुलै १८९२ रोजीं त्यांनीं ती लस स्वतःच्या अंगांत टोचवून घेतली. ताप आला, टोचलेल्या जागीं ठणका लागला, आणि सर्व निवळलें. त्यांच्या मागोमाग त्यांच्या तीन रशियन मित्रांनींहि टोचून घेतलें. एवढ्यानें पॅरिसमधील वडीलधाऱ्यांची खात्री पटली नाहीं. खरी पारख तेथेंच होणार होती जेथें पटकी दरवर्षीं येते. आणि ती जागा म्हणजे हिंदुस्थान. पूर्वीं येथें व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन त्या वेळीं पॅरिसला ब्रिटिश वकील होते. त्यांच्या साह्यानें परवानगी मिळाली, आणि १८९३ च्या मार्च महिन्यांत हाफकिन कलकत्त्यास उतरले.

पुढील अडीच वर्षें ते आग्र्यापासून आसामच्या चहाच्या मळ्यांपर्यंत फिरत राहिले. सुमारे ४२ हजार लोकांस त्यांनीं टोचलें. एका रशियन माणसानें खेड्यांत शिरून लोकांच्या अंगांत सुया खुपसाव्या, हें लोकांस रुचण्यासारखें नव्हतेंच. सरकारी अधिकाऱ्यांसहि तो परका हेर वाटे. एकदां जमाव दगड मारूं लागला असतां हाफकिन यांनीं भर गर्दींत सदरा वर करून दुसऱ्या डॉक्टरकडून स्वतःस टोचून घेतलें व मग लोक पुढें आले, असें सांगतात. १८९४ सालीं कलकत्त्याच्या काटाल बागान या वस्तींत पटकी शिरली तेव्हां सुमारे दोनशें रहिवाशांपैकीं ११६ जणांनीं टोचून घेतलें. त्यानंतर त्या वस्तींत जे आजारी पडले ते सर्व न टोचलेल्यांपैकींच निघाले. टोचलेले व न टोचलेले एकाच घरांत, एकाच पाण्यावर राहणारे असावेत आणि मग दोहोंची तुलना करावी, हा हाफकिन यांचा कटाक्ष असे. आज ही रीत सर्वमान्य आहे. त्या काळीं ती सर्वांना सुचली नव्हती. हिंवतापानें पोखरून ते १८९५ सालीं विलायतेस गेले, आणि बरे होतांच परत आले.

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी बंदराजवळ डॉ. अकासियो व्हिएगस यांना एक विचित्र तापाचा रोगी आढळला. हे डॉक्टर जन्मानें गोमंतकीय. जांघेंतली गांठ पाहून त्यांनीं हा प्लेग आहे असें ओळखलें व तसें जाहीरहि केलें. लोकांनीं आधीं विश्वास ठेविला नाहीं, आणि विश्वास ठेविला तेव्हां पळापळ सुटली. गिरण्या ओस पडल्या, स्टेशनांवर गर्दी मावेना. रोग्यांस इस्पितळांत ओढून नेतात या समजुतीनें गिरणीकामगारांच्या जमावानें ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. सरकारनें १८९७ सालीं साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यास घरझडतीमुळें लोक किती संतापले आणि त्याच वर्षींच्या जून महिन्यांत रँडसाहेबाचा खून कसा झाला, हें इतिहासाच्या पुस्तकांत सर्वांनीं वाचलेंच आहे. त्याच पुण्यास ता. १० मार्च १८९७ रोजीं प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाई फुले यांस मृत्यु आला. रोग आगगाडीच्या रस्त्यानें घाट चढून आमच्या नाशिक जिल्ह्यांतहि आला. नाशिकजवळच्या भगूर गांवीं १८९९ सालीं विनायकराव सावरकर यांचे वडील या रोगानें गेले. गांवांत उंदीर पडूं लागले कीं बिऱ्हाड उचलून माळावर जावयाचें, ही रीत या प्रांतांतील वृद्धांच्या तोंडीं कालपरवांपर्यंत होती.

रोगाचा जंतु अलेक्झांडर येर्सिन यांनीं १८९४ सालीं हाँगकाँग येथें दाखविला होता. पण त्यावर उपाय कोणाजवळ नव्हता. सरकारनें कलकत्त्याहून हाफकिन यांस बोलाविलें. ७ ऑक्टोबर १८९६ ला ते मुंबईस पोंचले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक खोली व एक व्हरांडा, आणि हाताखालीं एक कारकून व तीन शिपाई एवढें साहित्य मिळालें. तेवढ्यावर त्यांनीं तीन महिने रात्रंदिवस काम केलें. मदतनिसांपैकीं एकाची प्रकृति ढांसळली, दोघे काम सोडून गेले. प्लेगाचा जिवंत जंतु हाताळण्याचें काम, तें कोणास नको होईल तर नवल नाहीं.

त्यांची कृति समजून घेण्यासारखी आहे. कांचेच्या चंबूंत मांसरस घ्यावयाचा. त्यांतहि गाईचें व डुकराचें मांस वापरावयाचें नाहीं, म्हणजे हिंदु-मुसलमान दोघांच्याहि मनाला धक्का नको. त्यावर तुपाचे थेंब सोडावयाचे. प्लेगाचे जंतु या तुपाच्या थेंबांस धरून वाढतात आणि खालच्या रसांत लोंबूं लागतात. गुहेच्या छतावरून चुन्याच्या कांड्या लोंबतात तशा. चंबू हलवला कीं त्या गळून तळाशीं बसतात आणि वर नवीन येतात. असें पांच-सहा आठवडे चालूं द्यावयाचें. हें लोंबणें दुसऱ्या जंतूंत दिसत नाहीं, म्हणून चंबूंत शुद्ध प्लेगाचाच जंतु आहे ही खूणहि पटते. शेवटीं सुमारें ६५ अंश उष्णता देऊन जंतु मारावयाचे, आणि थोडें कार्बोलिक ॲसिड घालून बाटल्या भरावयाच्या. पटकीच्या लशींत जंतु जिवंत होते. येथें ते मेलेले होते. मेलेला जंतुहि शरीरास शिकवण देऊं शकतो, हा यांतला मोठा मुद्दा.

ता. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ही लस स्वतःला टोचविली. पुढें लोकांस जी मात्रा देण्यांत आली तिच्या तिपटीहून ती अधिक होती. ताप चढला, अंग दुखलें, पण ते कामावर राहिले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. जे कैदी आपण होऊन तयार झाले त्यांस टोचण्यांत आलें. बाकीचे तसेच राहिले. न टोचलेल्यांत १२ जण आजारी पडले व त्यांतील ६ मेले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, आणि दोघेहि वांचले. आंकडे लहान, परंतु भिंती, अन्न, पाणी सारें सारखें.

तरीहि लोक बिचकतच होते. सुईनें माणूस नपुंसक होतो, धर्म बाटतो, सरकारला लोकसंख्या कमी करावयाची आहे, अशा नाना वावड्या उठल्या. सन २०२० मध्यें कोरोनाच्या साथींत आपल्या गांवास जे दिवस आले ते ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस या वावड्यांचें आश्चर्य वाटणार नाहीं. अशा वेळीं खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान यांनीं लोकांदेखत स्वतः टोचून घेतलें, एकदां नव्हे तर अनेक वेळां, व माझगांव येथील आपली खुश्रू लॉज ही इमारत हाफकिन यांस कामासाठीं दिली. त्यांच्या हजारों अनुयायांनीं त्यांचें पाहून हात पुढें केला. १८९९ च्या ऑगस्टमध्यें प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासांत गेली, आणि हाफकिन तिचे मुख्य संचालक झाले. १८९७ ते १९२५ या काळांत मुंबईहून सुमारें २ कोटी ६० लक्ष मात्रा बाहेर गेल्या, असें नमूद आहे.

येथवर सर्व चढतें होतें. १९०२ सालीं पंजाबांत प्लेगाचा कहर माजला आणि लशीची मागणी एकाएकीं भयंकर वाढली. पुरवठा व्हावा म्हणून हाफकिन यांनीं कृतींत कांहीं फरक केला. त्यांत कार्बोलिक ॲसिड गाळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेविली. ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल या खेड्यांत १०७ लोकांस टोचण्यांत आलें. आठवडाभरानें त्यांतील १९ जणांचे जबडे आंवळूं लागले. धनुर्वात! एकोणीसच्या एकोणीस मेले. बाकीच्या ८८ जणांस कांहींहि झालें नाहीं. शोध करतां कळलें कीं ते एकोणीसहि जण एकाच बाटलींतून टोचलेले होते. त्या बाटलीचा क्रमांक होता ५३-एन.

आतां प्रश्न असा कीं, धनुर्वाताचा जंतु त्या बाटलींत कधीं गेला? परळला भरतांना, कीं मुलकोवालला उघडतांना? हा जंतु मातींत सर्वत्र असतो. परळला गेला असेल तर दोष हाफकिन यांचा व त्यांच्या नव्या कृतीचा. गांवीं गेला असेल तर दोष तेथील हाताळणीचा. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी बसली, आणि तिनें बाटली उघडण्यापूर्वींच जंतु आंत होता असा निष्कर्ष काढिला. हाफकिन यांस परळ सोडावें लागलें. बिनपगारी रजेवर ते विलायतेस गेले. चौकशीचे सारे कागद लोकांपुढें यावयास कित्येक वर्षें लागलीं.

त्या कागदांत काय होतें तें पाहिलें म्हणजे मन विषण्ण होतें. टोचणीच्या वेळीं बाटलीचें बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो विस्तवावर न धरतां नुसता औषधी पाण्यांत बुडवून पुन्हा वापरण्यांत आला होता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांनीं ती हुंगून पाहिली होती व त्यांस दुर्गंधि आली नव्हती. धनुर्वाताचा जंतु बाटलींत कित्येक दिवस वाढला असता तर घाण सुटली असती. आणखी असें कीं, जंतु बाटलींत वाढला असता तर त्याचें विष आधींच तयार होऊन लशींत उतरलें असतें, आणि रोगाचीं लक्षणें लवकर दिसलीं असतीं. येथें तर आठवडा लागला. म्हणजे आंत गेला तो जंतु ताजा होता, आणि विष तयार झालें तें बिचाऱ्या माणसांच्या अंगांत. पण हा सर्व तर्क. बाटली उघडली त्या क्षणीं तींत विष आहे कीं नाहीं, हें सांगणारें साधन जगांत कोणाजवळहि नव्हतें. सारा न्याय एका डॉक्टरच्या नाकावर येऊन ठेपला होता.

असें साधन कसें असूं शकेल, हें येथें थोडक्यांत सांगणें अस्थानीं होणार नाहीं. कारण गेल्या कांहीं दशकांत शास्त्रज्ञ त्याच खटपटींत आहेत, आणि त्यांच्या हातीं आलेली वस्तु मोठी गमतीची आहे. ती वस्तु म्हणजे साखर.

साखर म्हटलें कीं आपणांस चहांतली किंवा रसवंतीवरच्या उसांतली आठवते. परंतु साखरेच्या जाति पुष्कळ आहेत, आणि आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशीच्या अंगावर निरनिराळ्या साखरांच्या सांखळ्यांची दाट लव असते. माणसाच्या रक्ताचे अ, ब, ओ असे जे गट आहेत तेहि तांबड्या पेशींवरील या साखरेच्या शेवटच्या कड्यांवरूनच ठरतात. पेशीवर उतरणाऱ्या जंतूला पाय रोवावयास जागा लागते. ती तो या लवेंत शोधितो. आंतड्यांतील ई. कोलाय नांवाच्या जंतूच्या अंगावर केंसासारखे तंतु असतात, व त्यांच्या टोकांशीं मॅनोज जातीच्या साखरेस घट्ट धरणारें एक प्रथिन असतें. पटकीच्या जंतूच्या विषाला पांच पाकळ्यांचें बैठें असतें, आणि ती प्रत्येक पाकळी आंतड्याच्या पेशीवरील ठराविक साखर असलेल्या स्निग्ध पदार्थास चिकटते. हें विष शरीराबाहेर वेगळें काढून दाखविण्याचा मान १९५९ सालीं कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांस मिळाला. आणि धनुर्वाताचें विष? तेंहि मज्जातंतूंच्या टोकांवरील अशाच साखरयुक्त स्निग्ध पदार्थांस पकडून आंत शिरतें. म्हणजे ज्या पटकीनें हाफकिन यांस नांव दिलें, आणि ज्या धनुर्वातानें तें हिरावून घेतलें, त्या दोहोंचीं विषें साखरेस भाळणारीं आहेत! कुलपास किल्ली बसते तसा एक पदार्थ दुसऱ्यास ओळखतो, ही कल्पना बर्लिनच्या एमिल फिशर यांनीं साखरांचाच अभ्यास करितां करितां १८९४ सालीं मांडली. हाफकिन तेव्हां कलकत्त्याच्या वस्त्यांतून फिरत होते.

मग युक्ति अशी. कांचेच्या लहानशा पट्टीवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा द्यावयाचा, आणि त्यावर हव्या त्या साखरेचा लेप बसवावयाचा. त्यावरून संशयित पाणी किंवा रस सोडला कीं, आंत तो जंतु अथवा तें प्रथिन असेल तर तें आपण होऊन साखरेस चिकटतें. नसेल तर सारें वाहून जातें. चिकटलेलें डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु सोन्यावरून परावर्तन पावणाऱ्या प्रकाशाचा कोन किंचित् बदलतो, व यंत्र तो टिपतें. दुसऱ्या प्रकारांत स्फटिकाची पातळ चकती वीजप्रवाहानें कांपत असते. तिच्यावर भार पडला कीं कंप मंदावतो. सोनाराच्या कांट्याहून किती तरी पटींनीं सूक्ष्म असा हा कांटा समजा. अशा साधनांस जैवसंवेदक हें नांव आहे. जंतु वाढवून ओळखावयाचा तर एक-दोन दिवस वाट पाहावी लागते. येथें काम मिनिटांत होतें. साखर उष्णतेनें प्रथिनांसारखी चटकन बिघडत नाहीं, ही आमच्याकडील उन्हाळ्यांत लहान गोष्ट नव्हे. मात्र यांतहि अडचण आहेच. एकच साखर अनेक जंतूंस आवडते, त्यामुळें एका लेपावरून नेमका चोर ओळखतां येत नाहीं; निरनिराळ्या साखरांचे ठिपके ओळीनें मांडून कोण कोणत्या ठिपक्यांवर बसला याचा नकाशा पाहावा लागतो. शिवाय धनुर्वाताचा जंतु मातींत बीजरूपानें निजलेला असतो, तेव्हां तो असल्या जाळ्यांत सांपडेलच असें नाहीं. सांपडेल तें त्याचें विष. पण मुलकोवालच्या बाटलीविषयीं प्रश्न नेमका विषाचाच होता. उघडतांक्षणीं त्या रसाचा एक थेंब अशा पट्टीवर टाकतां आला असता आणि विष नाहीं असें दिसलें असतें, तर परळच्या माथीं दोष बसलाच नसता. विष आहे असें दिसलें असतें तर ती बाटली बाजूला ठेवून एकोणीस माणसें घरीं गेलीं असतीं.

हें आज म्हणावयाचें. हाफकिन यांस त्या वेळीं स्वतःच्या लेखणीखेरीज आधार नव्हता. ते लंडनमध्यें राहून कागद जमवीत व अर्ज करीत राहिले. डांसामुळें हिंवताप होतो हें सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस, ज्यांचा जन्मच हिंदुस्थानांत अल्मोरा येथें झाला होता, त्यांनीं हा अन्याय मनावर घेतला. १९०७ च्या जुलैंत रॉस व दुसरे नामवंत जंतुशास्त्रज्ञ मिळून दहा जणांनीं लंडनच्या टाइम्स पत्रांत आपल्या सह्यांनिशीं लिहिलें कीं, हाफकिन यांच्यावरील आरोप शाबीत झालेला नाहीं. पार्लमेंटांतहि प्रश्न निघाले. शेवटीं त्याच वर्षीं सरकारनें आरोप मागें घेतला व पुन्हा नोकरीवर बोलाविलें.

ते आले, पण परळला नव्हे. परळची गादी तोंवर दुसऱ्यांकडे गेली होती. त्यांस कलकत्त्याची प्रयोगशाळा देण्यांत आली. तेथें जुना उत्साह चालण्यास वाव नव्हता. मारलेल्या जंतूंची पटकीवरील लस माणसांवर अजमावून पाहण्याची त्यांची इच्छा होती, ती परवानगी त्यांस मिळाली नाहीं. सात वर्षें त्यांनीं तेथें काढलीं, आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं नोकरीची मुदत संपतांच ते फ्रान्सला निघून गेले. चार मदतनीस, एक खोली आणि एक व्हरांडा यांवर ज्यांनीं तीन महिन्यांत लस काढली, त्यांस मोठी प्रयोगशाळा देऊन सात वर्षें हात बांधून बसविलें, हें आमच्या मतें मुलकोवालच्या चौकशीपेक्षां कमी दुःखदायक नाहीं.

त्यांनीं लग्न केलें नाहीं. उतारवयांत ते आपल्या धर्माचे नियम फार कडकपणें पाळीत. पॅरिसजवळ राहून शेवटीं ते स्वित्झर्लंडांतील लोझान येथें गेले, आणि तेथेंच ता. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं वारले. जी कांहीं शिल्लक होती ती त्यांनीं पूर्व युरोपांतील गरीब यहुदी विद्यार्थ्यांच्या पाठशाळांसाठीं ठेविली. परळच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें तें मात्र ते हयात असतांना, १९२५ सालीं. तें कळल्यावर त्यांनीं मुंबईस आभाराचें पत्र धाडिलें. परंतु नांव लागलेली ती इमारत पाहण्यास ते पुन्हा आले नाहींत.